बीट्रिक्स पॉटरची खासगी चित्रं आणि तिचं आयुष्य : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या बालवाचनालयात दर पावसाळ्यात आम्ही एक चित्रकार निवडतो आणि मुलांसोबत त्याचीच पुस्तकं, त्याचीच चित्रं पाहतो. यंदा बीट्रिक्स पॉटर. तिच्या गोष्टीतला निळ्या कोटातला पीटर ससा बहुतेक घरांत पोचलेला असतो. तिनं स्वतःसाठी काढलेली, पत्रांतून पाठवलेली, कपाटात राहिलेली चित्रं मात्र फार कमी जणांनी पाहिलेली असतात. आम्ही मुलांना तीच आधी दाखवली. मग पालकांचे आणि आजीआजोबांचे इतके प्रश्न आले की सगळ्यांची उत्तरं एकत्र लिहावीत असं ठरलं.

ही बाई नेमकी कोण?

जन्म २८ जुलै १८६६, लंडन. घर श्रीमंत, आजोबांचा कापडछपाईचा मोठा कारखाना. वडील बॅरिस्टर, पण त्यांचा जीव फोटोग्राफीत. बीट्रिक्स शाळेत कधी गेली नाही. शिकवायला घरी बाई यायच्या. धाकटा भाऊ बर्ट्रम तिच्याहून जवळजवळ सहा वर्षांनी लहान. १९०२पासून तिची छोटी छोटी पुस्तकं येत गेली, एकूण २३. पुढे ती उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेतकरीण म्हणून राहिली आणि २२ डिसेंबर १९४३ला तिथेच वारली.

खासगी चित्रं म्हणजे कोणती?

सर्वांत आधी बालपणीच्या वह्या. १८७५ची एक वही आहे, म्हणजे तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची. कुटुंब उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या डॅलगाइजला जायचं, तिथल्या सुरवंटांची चित्रं त्यात आहेत आणि शेजारी त्यांच्याबद्दलच्या नोंदी. आमच्या तिसरीतल्या मुलांना हे पान फार आवडलं, कारण ते त्यांच्याच वयाच्या मुलीनं केलेलं दिसतं.

त्यानंतर घरातले प्राणी. दोघा भावंडांनी वरच्या खोलीत ससे, उंदीर, हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी), वटवाघळं, बेडूक, पाली असं काय काय पाळलं होतं. एखादा प्राणी मेला की तो उकळून त्याचा सांगाडा मोकळा करायचा, हाडं नीट मांडायची आणि त्यांचं चित्र काढायचं. हे ऐकून काही पालक दचकले. मुलं दचकली नाहीत. त्यांनी सशाच्या मागच्या पायाचं हाड किती लांब असतं ते विचारलं. आणि त्या हाडांमुळेच तिचा कोट घातलेला ससासुद्धा खरा ससा वाटतो. गोष्टीत पीटरचे बूट हरवतात, तेव्हा तो चार पायांवर पळू लागतो आणि जास्त वेगानं पळतो. चित्रातही त्याची पाठ लगेच सशासारखी वाकते. माणसासारखा उभा ससा आणि पळणारा ससा यांच्यामध्ये कुठे सांधा दिसत नाही.

याशिवाय अळंब्यांची शेकडो जलरंगचित्रं, मुलांना पाठवलेली चित्रपत्रं आणि गुप्त लिपीतली डायरी. त्यांच्याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहेत.

इतक्या अळंब्या कशासाठी काढल्या? पुस्तकात तर त्या दिसत नाहीत.

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांबणार.

विशी ओलांडल्यावर तिला बुरशी आणि भूछत्रांनी झपाटलं. स्कॉटलंडमध्ये डंकेल्डच्या परिसरात चार्ल्स मॅकिन्टॉश नावाचे पोस्टमन होते. मैलोन्मैल पायी टपाल वाटताना त्यांनी तिथल्या वनस्पतींचा आणि अळंब्यांचा इतका अभ्यास केला होता की भलेभले जाणकार त्यांना मान देत. त्यांची आणि बीट्रिक्सची १८९२मध्ये नीट ओळख झाली. पुढे ते तिला लंडनला पोस्टानं ताजे नमुने पाठवायचे आणि ती त्यांची चित्रं काढून त्यांना पाठवायची. छत्री नुसती वरून सुंदर काढू नकोस, उभी चिरून आतून दाखव, खालचे पापुद्रे कसे जोडलेत ते दाखव, हे त्यांनी तिला शिकवलं. तेव्हापासून तिची चित्रं बदललेली दिसतात. एका पानावर तीच अळंबी कोवळी, उमललेली, कापलेली, अशी तीन-चार रूपांत येते.

जॉन एव्हरेट मिले हे त्या काळचे नामांकित चित्रकार तिच्या वडिलांचे स्नेही होते. चित्र काढता येणारे पुष्कळ असतात, पण तुझ्याकडे आणि माझ्या मुलाकडे निरीक्षण आहे, असं ते तिला म्हणाले होते. मिले गेले तेव्हा, १८९६मध्ये, तिनं ही आठवण डायरीत लिहून ठेवली. अळंब्यांची चित्रं पाहताना मला हे वाक्य सारखं आठवतं. ती पानं कुणी मागितलेली नव्हती. पैसे नव्हते, परीक्षा नव्हती, प्रदर्शन नव्हतं. तरी एका कुजक्या फांदीवरच्या तपकिरी छत्रीसाठी तिनं चार-पाच वेगवेगळे तपकिरी रंग कालवलेत. पुढे तिच्या पुस्तकांतली बाग, पाचोळा, ओली भिंत इतकी जिवंत का दिसते, याचं उत्तर या पानांत आहे, असं मला ठामपणे वाटतं.

ही चित्रं तिनं लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइडच्या आर्मिट वाचनालयाला दिली. तिच्या मृत्यूनंतर, १९६७मध्ये, डब्ल्यू. पी. के. फिंडले या अळंबीतज्ज्ञांनी आपल्या पुस्तकात त्यांतली ५९ चित्रं वापरली. चित्रं पाहून अळंबी ओळखता यावी, इतकी ती चोख होती.

शास्त्रज्ञांनी तिला हाकलून दिलं म्हणून ती मुलांच्या पुस्तकांकडे वळली, हे खरं का?

हे वाक्य व्हॉट्सअॅपवर सारखं फिरतं. त्यातला अर्धा भाग खरा आहे.

अळंबीचे बीजाणू रुजतात कसे, हे तिनं घरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि टप्प्याटप्प्यानं रेखाटलं. तिचे काका सर हेन्री रॉस्को रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी तिला क्यू इथल्या वनस्पती उद्यानात नेलं. तिथल्या संचालकांनी तिला फारसं गांभीर्यानं घेतलं नाही. तरीही तिनं निबंध लिहिला आणि १ एप्रिल १८९७ला तो लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेपुढे मांडला गेला. मांडला क्यूचे जॉर्ज मॅसी यांनी, कारण स्त्रियांना त्या सभेत बसायचीसुद्धा मुभा नव्हती. नंतर तिनं तो निबंध मागे घेतला. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. सोसायटीनं स्त्रियांना सदस्यत्व दिलं ते विसाव्या शतकात, आणि तिच्या बाबतीत आपण चुकलो हे १९९७मध्ये मान्य केलं.

अन्याय झाला, यात शंका नाही. पण त्यामुळे ती सशाकडे वळली, हे मात्र चूक. पीटर सशाचं पत्र १८९३चं आहे, म्हणजे निबंधाच्या चार वर्षं आधीचं. दोन्ही कामं एकाच टेबलावर चालली होती. मुलींना ही गोष्ट सांगताना मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. एक दार बंद झालं म्हणून नाइलाजानं दुसरीकडे गेलेली बाई आणि अळंबी व ससा दोन्ही तितक्याच प्रेमानं काढणारी बाई, यांतली दुसरी खरी आहे.

जाता जाता एक. आपल्या गोडा मसाल्यात पडतं ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र राहणं. युरोपात हा विचार १८६०च्या दशकात मांडला गेला, त्यावर बरीच भांडणं झाली आणि बीट्रिक्सही त्यात रस घेऊन अभ्यास करत होती. ही कल्पना तिनंच पहिल्यांदा मांडली असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते खरं नाही, मुलांना तसं सांगू नका. तिचं श्रेय त्याशिवायही भरपूर आहे. पण घरचा मसाल्याचा डबा उघडून दगडफुलाचा तुकडा भिंगाखाली जरूर दाखवा.

गुप्त लिपी कसली? मोडीसारखी?

मोडी ही हजारोंना येणारी लिपी होती. बीट्रिक्सची लिपी फक्त तिला येत होती. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराऐवजी तिनं ठरवलेली एक खूण. आपली मुलं ‘च’ची भाषा बोलतात ना, तसाच नियम, फक्त कागदावरचा. साधारण १८८१ ते १८९७, म्हणजे पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत, ती या लिपीत लिहीत होती. अक्षर बारीक आणि भरभर लिहिलेलं, त्यामुळे तिच्यानंतर कुणालाच ते वाचता येईना.

लेस्ली लिंडर नावाच्या संग्राहकानं वर्षानुवर्षं डोकं चालवलं. १९५८मध्ये एका पानावर त्याला रोमन आकड्यातले सोळा आणि १७९३ हे साल दिसलं. १७९३मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईला मृत्युदंड झाला होता. तिथून एक शब्द सुटला, शब्दावरून अक्षरं सुटली. पूर्ण डायरी १९६६मध्ये, तिच्या जन्माला शंभर वर्षं झाली त्या साली, छापली गेली.

मग ती वाचणं योग्य आहे का? तिनं तर लपवली होती.

हा प्रश्न एका सहावीतल्या मुलीनं विचारला आणि त्यावर आमच्या गटात मोठ्यांचीच बराच वेळ चर्चा झाली. माझं मत असं : तिनं डायरी जाळली नाही, आणि जे सापडलं त्यात चित्रप्रदर्शनांबद्दलची तिखट मतं, राजकारण, सहली, घरचं बोलणं असंच बहुतेक आहे. मुलांना आम्ही तिनं काय पाहिलं तेवढं सांगतो. घरातल्या माणसांबद्दल तिनं मन मोकळं केलं, तो भाग मोठ्यांनी हवा तर स्वतः वाचावा. त्या मुलीनं आता स्वतःची लिपी तयार केली आहे आणि तिची वही कुणीही उघडत नाही.

पीटर ससा पत्रातून आला म्हणजे कसा?

बीट्रिक्सला शिकवायला येणाऱ्या बाई, ॲनी मूर, यांच्याशी तिचं मैत्र आयुष्यभर टिकलं. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. ४ सप्टेंबर १८९३ला डंकेल्डहून तिनं त्याला पत्र लिहिलं : तुला काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते. ओळींच्या मधे मधे शाईची छोटी चित्रं. दुसऱ्याच दिवशी नोएलच्या भावाला, एरिकला, बेडकाची गोष्ट लिहून पाठवली. म्हणजे दोन दिवसांत दोन पुस्तकांची बीजं पडली आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. त्याच मुक्कामात, त्याच दिवसांत ती अळंब्याही रंगवत होती. (आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालयही १८९३चंच. त्या साली इथे आणि तिथे वाचणाऱ्यांसाठी काहीतरी सुरू झालं, याचा मला उगाचच आनंद होतो.)

काही वर्षांनी पुस्तक करावं असं मनात आलं तेव्हा तिनं ते पत्र नोएलकडून परत उसनं मागितलं. त्यानं ते जपून ठेवलं होतं. प्रकाशकांनी नकार दिले, म्हणून डिसेंबर १९०१मध्ये तिनं स्वखर्चानं २५० प्रती छापल्या. मग फ्रेडरिक वॉर्न कंपनीनं ऑक्टोबर १९०२मध्ये रंगीत आवृत्ती काढली. पुस्तक लहान मुलांच्या हातात मावेल एवढंच हवं आणि स्वस्त हवं, हा तिचा हट्ट होता. आमच्याकडची सर्वांत लहान मुलं ते पुस्तक दोन्ही हातांत धरून बसतात, तेव्हा त्या हट्टाचं मोल कळतं.

तिनं लग्न केलं होतं का?

प्रकाशक घराण्यातल्या नॉर्मन वॉर्नशी तिचं जुळलं ते कामातूनच. उंदरांच्या गोष्टीसाठी तिला बाहुलीचं घर पाहून चित्रं काढायची होती. ते घर नॉर्मननं आपल्या पुतणीसाठी स्वतः बनवलेलं. बीट्रिक्सच्या आईनं तिला तिकडे जाऊ दिलं नाही, तर नॉर्मननं घराचे फोटो काढून पाठवले. पुस्तकातली ती चित्रं फोटोंवरून काढलेली आहेत. १९०५च्या जुलैमध्ये त्यानं मागणी घातली. धंदा करणाऱ्या घरात मुलगी द्यायची नाही म्हणून आईवडिलांचा विरोध. ती एकोणचाळिशीची होती, तरी. तिनं होकार दिला आणि महिन्याभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगानं गेला.

त्याच वर्षी तिनं लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी गावातलं हिल टॉप हे शेत विकत घेतलं. पुढच्या कितीतरी पुस्तकांत त्या घराचा जिना, ओटा, बाग दिसते. १५ ऑक्टोबर १९१३ला, ४७व्या वर्षी, तिनं विल्यम हीलिस या तिथल्याच वकिलाशी लग्न केलं. तिशी उलटलेल्या मुलामुलींच्या काळजीनं झोप न लागणाऱ्या आमच्या काही आजींनी हे उत्तर दोनदा वाचून घेतलं.

नंतर चित्रं का थांबली?

नजर अधू झाली, हे एक कारण. दुसरं कारण तिला मेंढ्या जास्त प्रिय झाल्या, आणि यात मला काहीही दुःखाचं वाटत नाही. हर्डविक ही डोंगरावर टिकणारी स्थानिक मेंढी नामशेष होऊ नये म्हणून तिनं ती वाढवली, बक्षिसं मिळवली. गावात ती मिसेस हीलिस म्हणूनच ओळखली जायची. १९४३मध्ये हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदी तिची निवडही झाली, पण ते पद हाती घेण्याआधीच ती वारली.

पुस्तकांच्या पैशातून ती जमीन घेत गेली, ती तुकडे पडून बंगल्यांखाली जाऊ नये म्हणून. ४,००० एकरांहून जास्त जमीन तिनं निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला ठेवली. आजही तिथे मेंढ्या चरतात. घोडबंदर रोडच्या बाराव्या-पंधराव्या मजल्यावरून ज्यांना येऊरचा डोंगर दिसतो, त्यांनी तिच्या आयुष्याचा हा भाग मुलांना सावकाश सांगावा, अशी माझी विनंती आहे.

पीटरच्या बाबांची ‘पाय’ (पिठाच्या पारीत भाजलेला पदार्थ) केली जाते, ते मुलांना वाचून दाखवायचं का?

हो. एका वाक्यात येतं आणि जातं. गाळलं तर आई पीटरला मिस्टर मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नको का म्हणते, तेच कळत नाही. काऊ-चिऊच्या गोष्टीत कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, म्हातारी भोपळ्यात बसून वाघाला चकवते. आपली मुलं असल्या गोष्टी ऐकूनच वाढतात.

मुलीला चित्रकलेचा क्लास लावावा का? तिच्या वहीतली चित्रं ग्रुपवर टाकली तर चालतील?

क्लास जरूर लावा. एलिमेंटरी, इंटरमिजिएट द्या, दहावीला वाढीव गुण मिळतात, हात बसतो. बीट्रिक्सलाही शिकवणी होती आणि किशोरवयात तिनं सरकारी चित्रकला परीक्षेचं प्रमाणपत्र मिळवलं होतं. मात्र पुढे तैलरंगाच्या बाईंकडे शिकताना त्यांची पद्धत आपल्याला चिकटेल की काय, अशी धास्तीही तिनं डायरीत लिहिली.

म्हणून आम्ही प्रत्येक मुलाला एक साधी, कोऱ्या पानांची वही देतो. तिच्यावर शेरा नाही, तारे नाहीत, स्पर्धा नाही. मुलानं स्वतःहून दाखवली तर पाहायची. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी मुलाला विचारा, आणि नाही म्हणालं तर तिथेच थांबा. चांगलं झालंय असं सतत ऐकणारं मूल लवकरच फक्त चांगली दिसणारी चित्रं काढू लागतं. पुसट, अर्धवट, चुकतमाकत शोधणारी पानं बंद होतात. बीट्रिक्सची सर्वांत मोलाची पानं याच जातीची होती. या एका मुद्द्यावर मी पालकांशी वाद घालायलाही तयार आहे.

मूळ चित्रं कुठे पाहायला मिळतील?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये लिंडरनं दिलेला मोठा संग्रह आहे, अळंब्या अँबलसाइडला, आणि हिल टॉपचं घर पाहायला खुलं असतं. घरबसल्या म्हणाल तर त्या म्युझियमच्या संकेतस्थळावर बरीच चित्रं मोठी करून पाहता येतात. मोबाइलपेक्षा टीव्हीच्या पडद्यावर दाखवा, ब्रशचे केसाएवढे फटकारे दिसतात.

येऊरला अळंब्या काढायला नेणार का?

काढायला म्हणजे चित्रं काढायला, हो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून पान, फूल, छत्री काहीही तोडून आणायचं नाही. वनखात्याच्या परवानगीच्या वेळेत, मोठ्यांसोबत आणि रस्ता न सोडता जायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, पेन्सिल, कडक पुठ्ठा, भिंग आणि पावसासाठी एक मोठी प्लास्टिकची पिशवी, एवढं पुरे. रंग घरी आल्यावर. रंगांची नावं मात्र जागेवरच लिहून ठेवायची.

रानातली कोणतीही अळंबी खायची नाही आणि मुलांना हात धुतल्याशिवाय डबा द्यायचा नाही. पावसाच्या सुरुवातीला पाड्यांवरच्या बाया वारुळावरची अळंबी विकायला आणतात. ती ओळखण्यामागे त्यांचं पिढ्यांचं ज्ञान असतं. आपण ते फोटोवरून शिकू शकत नाही.

येऊर जमलं नाही तरी बिघडत नाही. जुलैमध्ये सोसायटीच्या आवारात, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर, कुंडीत, काहीतरी उगवतंच. शिवाय बाजारातून पूर्ण उमललेलं मशरूम आणा, देठ काढा, छत्री पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाटी झाका. सकाळी कागदावर तपकिरी बीजाणूंची नक्षी उमटलेली असते, पापुद्र्यांच्या रेघांसकट.

तिच्या गोष्टींचं मराठीकरण करून मुलं स्वतःची पुस्तकं बनवू शकतात का? कॉपीराइट?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. ती १९४३मध्ये गेली, म्हणजे तिच्या हयातीत छापलेली पुस्तकं २००३ संपल्यावर मुक्त झाली. डायरीसारखं तिच्या मागून छापलेलं लेखन या हिशोबात येत नाही, आणि तिच्या पात्रांच्या नावानं विक्रीच्या वस्तू करायच्या तर ट्रेडमार्कचा प्रश्न वेगळा. वाचनालयात ठेवायच्या हस्तलिखित पुस्तकांना अडचण नाही.

सध्या बेडकाची गोष्ट पाचवीतल्या गटाकडे आहे आणि तिच्यातल्या तळ्याच्या जागी कचराळी तलाव घ्यावा की नाही, यावर त्यांचं एकमत व्हायचंय. हेजहॉगची आणि खारीची गोष्ट अजून कुणी घेतलेली नाही. ज्यांना हवी त्यांनी शनिवारी संध्याकाळी वाचनालयात नाव सांगावं. कागद, सुई आणि शिवायचा दोरा आमच्याकडे आहे.